डोळा लाल, थेंबांनी उतार नाही: लैंगिक संसर्गाची तपासणी कशी करून घ्यावी

साथीचे डोळे सहसा दोन-तीन आठवड्यांत निवळतात. त्यापुढेही एकच डोळा लाल राहिला, चिपडे येत राहिली, तर थेंब बदलत बसू नका, लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग तर नाही ना, हे तपासून घ्या.

१. आधी लक्षणे नीट पाहा. खालची पापणी ओढून आरशात बघा. आत साबुदाण्यासारखे दाणे आणि त्याच बाजूला कानापुढे दुखरी गाठ असेल, तर क्लॅमिडियाचा, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एका जंतूचा, संशय घ्यावा. परम्यात, म्हणजे गोनोरियात, पापणी टम्म सुजते आणि पुसलेला पू लगेच पुन्हा साठतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठा, कारण हा जंतू धडधाकट बुबुळातही शिरतो आणि एक-दोन दिवसांत भोक पाडू शकतो. उपदंशात, म्हणजे गरमीत, चिपडे नसतात. नजर धूसर होते, उजेड खुपतो, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात.

२. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका. लाली उतरते, पण संसर्ग आत वाढत राहतो.

३. नवा जोडीदार, लघवीची जळजळ, स्राव, तळहात-तळपायांवर येऊन गेलेले पुरळ हे डॉक्टरांना न लाजता सांगा. खाली काहीच त्रास नसला तरीही सांगा, क्लॅमिडिया बऱ्याचदा गुपचूप असतो. पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीसाठी, पापणीच्या आतून घासून पेशी घ्याव्या लागतात, नुसता पू पुरत नाही. सोबत लघवीची तपासणी, उपदंशासाठी रक्ताच्या व्हीडीआरएल व टीपीएचए या चाचण्या आणि एचआयव्ही करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही सोय असते. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

४. औषध पोटातून किंवा इंजेक्शनने घ्यावे लागते, कारण मूळ संसर्ग डोळ्यापुरता नसतो. क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 दिवस. गरोदरपणी त्याऐवजी अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच. परम्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 1 ग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाइनने डोळा धुणे. डोळ्यातल्या उपदंशाला शिरेतून पेनिसिलिन 10 ते 14 दिवस, म्हणजे बहुधा भरती व्हावे लागते. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

५. क्लॅमिडिया किंवा परमा निघाला तर गेल्या 60 दिवसांतल्या जोडीदारांनाही तपासा. दोघांचे उपचार झाल्यावर 7 दिवस संबंध टाळा, नाहीतर तोच संसर्ग परत येतो. टॉवेल वेगळा ठेवा. शौचालयातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावू नका. जंतू बहुधा हातानेच तिथे पोचतो.

गरोदर बाईने तर ही तपासणी टाळूच नये. प्रसूतीत हे जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात: परम्याचा पू साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतो, क्लॅमिडियाचा पाचव्या ते चौदाव्या. पू दिसताच त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात न्या.