साठवलेले पेट्रोल आणि कार्बोरेटर : उभी राहणारी बोट आणि जुनी गाडी यांची काळजी

नाशिक परिसरात कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी इंजिने अजून पुष्कळ आहेत. जुन्या वाड्यांच्या चौकात झाकून ठेवलेली चेतक किंवा प्रिया, निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यातली राजदूत, हौसेने सांभाळलेली पद्मिनी, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप आणि गोदावरीला पूर आला की पाण्यात उतरणाऱ्या रबरी बोटींची आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायची) इंजिने ही सगळी यंत्रे वर्षातले कित्येक महिने नुसती उभी असतात. ऐन गरजेच्या वेळी ती सुरू होत नाहीत, तेव्हा बहुतेकदा दोष सापडतो तो कार्बोरेटरच्या तळाशी राहून गेलेल्या जुन्या पेट्रोलचा.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनचे मिश्रण असते. थंड इंजिन पहिल्या किकला पेटते ते त्यातल्या हलक्या घटकांमुळे, आणि नेमके तेच घटक आधी उडून जातात. उरलेल्या भागाची हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू क्रिया होऊन चिकट, तपकिरी थर तयार होतो, त्याला गम म्हणतात. टाकीत ही क्रिया सावकाश चालते, कारण पेट्रोल भरपूर आणि झाकण बंद असते. फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत मात्र जेमतेम काही चमचे पेट्रोल असते आणि बाऊल हवेला खुला असतो, त्यामुळे नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते काही आठवड्यांतच आटते आणि आपला गाळ जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी भागाच्या) तोंडाशी सोडून जाते. इंजिन आयडलिंगला, म्हणजे रेस न देता चालताना, पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असल्याने ते सर्वांत आधी बुजते. चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) ओढला की गाडी चालते, सोडला की बंद पडते, आयडलिंगला अजिबात टिकत नाही, असे होऊ लागले तर खूण पटली असे समजावे.

2025 पर्यंत देशभरातल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले, आणि जुन्या इंजिनांच्या बाबतीत हा बदल गांभीर्याने घेतला पाहिजे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहते, परंतु ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. तापमान उतरले की ही मर्यादाही खाली येते, म्हणून पावसाळ्यात ओल घेतलेले पेट्रोल निफाडच्या थंडीत फाटण्याची शक्यता जास्त. टाकीच्या तळाशी बसलेला हाच थर कॉकमधून (पेट्रोल चालू-बंद करण्याच्या तोटीतून) सर्वांत आधी बाऊलमध्ये उतरतो, तेथे मिश्रधातूवर पांढरी भुकटी आणि पितळी जेटवर हिरवट थर धरतो. रबरी पाइप, डायफ्रॅम (पातळ रबरी पडदे) आणि कॉकमधली जुनी पॅकिंग फुगतात किंवा तडकतात ती वेगळीच. हे रबरी भाग एकदाच इथेनॉल सहन करणारे बसवून घ्यावेत. त्या खर्चात कसर करू नये, कारण गळक्या पाइपमुळे आग लागू शकते.

गाडी महिन्याहून अधिक उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. एवढ्याने बाऊल पूर्ण रिकामा होत नाही, तळाशी थोडे उरतेच, म्हणून बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून ते डब्यात काढून घ्यावे. स्क्रू नसेल तर बाऊल उतरवावा. दसऱ्याला पूजेसाठी गाडी बाहेर काढून पाच मिनिटे चालू करायची आणि तशीच परत झाकून ठेवायची, ही आपल्याकडची रीत प्रेमापोटी असली तरी त्यात बाऊल ताज्या पेट्रोलने भरतो आणि पुढचे कित्येक महिने आटत राहतो. पूजा जरूर करावी, पण झाकण्यापूर्वी बाऊल रिकामा करावा. टू-स्ट्रोक गाडीत याचे महत्त्व अधिक, कारण पेट्रोल उडून गेले तरी त्यात मिसळलेले ऑइल मागे राहते.

टाकीबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते तीन-चार महिन्यांसाठी लोखंडी टाकी ताज्या पेट्रोलने काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही आणि गंज धरत नाही. भरताना फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून घालायचे रसायन) घालून इंजिन दहा मिनिटे चालवावे आणि मगच बाऊल रिकामा करावा. त्याहून जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून आतून ऑइलचा हात फिरवावा.

बोटीची सुटी टाकी मात्र कधीच भरून ठेवू नये. गंगापूर धरणावरची बोट असो वा पुरासाठी सज्ज ठेवलेली, हंगाम संपला की इंजिन पाण्याच्या पिंपात किंवा नळाचे पाणी देणारे फ्लशिंगचे साधन जोडून चालू करावे, इंधनाचा पाइप काढावा आणि इंजिन बंद पडेपर्यंत थांबावे. कोरड्यात चालवल्यास पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतला रबरी पंखा) जळतो. इंजिनाला दोन-तीन कार्बोरेटर असतील तर प्रत्येकाचा बाऊल वेगळा रिकामा करावा, नाहीतर एक सिलिंडर मिसिंग करत (अधूनमधून न पेटता) राहतो आणि दोष प्लगचा वाटतो. बचावाच्या बोटीसाठी दर महिन्याला थोडेसेच ताजे पेट्रोल आणावे आणि जुने, त्यात ऑइल मिसळलेले नसेल तर, रोज चालणाऱ्या गाडीत संपवावे.

कार्बोरेटर आधीच जाम झाला असेल तर प्रथम टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात पाहावे. ताजे पेट्रोल पारदर्शक असते. रंग गडद, वास आंबूस किंवा तळाशी वेगळा थर दिसल्यास ते सगळे काढून टाकावे, त्यात नवे मिसळून काम भागवू नये. मग कार्बोरेटर उतरवून एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमीजास्त करणारा) किती फेऱ्यांवर होता ते लिहून ठेवावे, फ्लोट (बाऊलमध्ये तरंगणारा भाग) आणि रबरी रिंगा बाजूला काढाव्यात आणि उरलेला धातूचा भाग कार्बोरेटर क्लीनरने धुवावा. जेट खिडकीसमोर धरून आरपार पाहावे: छिद्र पूर्ण गोल दिसले पाहिजे. ते चंद्रकोरीसारखे दिसत असेल तर गम अजून कडेला आहे, पुन्हा भिजत घालून हवेचा दाब द्यावा. तार खुपसू नये, पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. नीडल व्हॉल्व्हच्या (बाऊल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईसारख्या झडपेच्या) टोकावर गोल खाच पडली असेल तर तो बदलावा, अन्यथा ओव्हरफ्लो होतो, आणि बोटीत हे जास्त घातक, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते.

हे काम उघड्यावर, देवघराचा दिवा आणि गॅसपासून लांब करावे. पेट्रोलियम अधिनियम, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना ठेवता येते, मात्र ते घट्ट झाकणाच्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातच ठेवावे लागते: धातूच्या डब्यात 25 लिटर आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात एका लिटरच्या वर नाही. म्हणून पाण्याच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये पेट्रोल साठवू नये. खराब झालेले पेट्रोल मोरीत किंवा नाल्यात ओतू नये, ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून, टाकाऊ ऑइल घेणाऱ्या गॅरेजमध्ये आधी विचारून द्यावे.