मागण्यांवरील चर्चेआधी: नव्या आमदारांच्या स्वीय सहायकांसाठी तयारीची यादी

अर्थमंत्र्यांचं अर्थसंकल्पाचं भाषण झालं की कॅमेऱ्यांपुढे प्रतिक्रिया देण्याची घाई सुटते. ती लवकर उरका आणि साहेबांना किंवा ताईंना मागण्यांच्या, म्हणजे प्रत्येक खात्यासाठी सभागृहाकडे मागितलेल्या खर्चाच्या, पुस्तकांकडे वळवा. खातं एकच घ्या, फार तर दोन.

समजा आरोग्य घेतलंत. मागणी आर-१ उघडा. लेखाशीर्ष म्हणजे खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक. २२१० म्हणजे पगार, औषधं असा महसुली खर्च, तर ४२१० म्हणजे इमारती आणि यंत्रसामग्री. तालुक्याच्या रुग्णालयाची इमारत उभी आहे, पण औषधं संपलेली असतात, तर बोट २२१० वरच ठेवायचं. तिथे प्रत्यक्ष खर्च, मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारीशेजारी वाचा. मग बीम्स या राज्याच्या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर जाऊन तरतूद किती, वितरित (म्हणजे प्रत्यक्ष सोडलेला पैसा) किती, खर्च किती हे पाहा आणि त्या दिवसाची तारीख टाकून छापून ठेवा. मंत्री ‘तरतूद केली आहे’ असं सांगतात. गावातल्या पेशंटचं अडतं ते वितरणात. नागपूर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्याही काढा. मूळ पैसा पडून असताना वर आणखी मागितला असेल, तर मुद्दा हातात आलाच.

आता कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा आमदाराचा प्रस्ताव. संविधानाच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते, वाढवू शकत नाही. म्हणून औषधांना जास्त पैसे हवे असले, तरी सूचना शंभर रुपये कमी करण्याचीच द्यावी लागते आणि तिच्या आडून गाऱ्हाणं मांडायचं. एका सूचनेत एकच विषय, गावाच्या आणि रुग्णालयाच्या नावासकट. मुदत विधानमंडळ सचिवालयातून आधीच विचारून घ्या. कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार हा भारित खर्च. त्यावर मतदान नसतं, तिथे सूचना वाया घालवू नका.

वेळेचं भान ठेवा. ठरलेल्या दिवशी गिलोटिन लागतं आणि उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. हजारो कोटी असे मिनिटांत मंजूर होतात, याचं वाईट वाटायला हवं. तुमचं खातं कुठल्या दिवशी आहे ते कामकाजपत्रिकेत रोज पाहा. भाषणाचं टिपण एका पानाचं करा, आकडा पहिल्याच वाक्यात.

मंत्र्यांचं उत्तर शब्दशः टिपून घ्या. ‘तीन महिन्यांत पदं भरू’ असं ते सभागृहात बोलले, तर ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. त्यासाठी कार्यवृत्ताची प्रत मागवून फाइलला लावा.