रुग्णालयात आपल्या माणसाला औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंपासून कसं जपावं

पेशंटजवळ बसणाऱ्याचं काम डबा पोचवणं आणि मेडिकलमधून औषधं आणणं एवढ्यावर संपत नाही. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास हे रुग्णालयात पसरणारे जंतू कित्येक अँटिबायोटिक्सना जुमानत नाहीत. मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिकही चालेनासं झालं की काही वेळा कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध काढावं लागतं आणि त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ती वेळ टाळण्यासाठी नातेवाइकालाही बरंच काही करता येतं.

दाखल करतानाच गेल्या तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक्स डॉक्टरांना सांगा. नाक्यावरच्या केमिस्टकडून सुट्या घेतलेल्या गोळ्याही त्यात आल्या. नाव आठवत नसेल तर घरून पाकिटाचा फोटो मागवा. मधे दुसऱ्या रुग्णालयात राहणं झालं असेल तर तेही लपवू नका.

मग हात. कल्याण-विरारहून लोकलच्या दांड्याला धरून आलेला हात थेट पेशंटच्या कपाळावर ठेवू नका. सॅनिटायझर असेल तर वीस-तीस सेकंद, साबण असेल तर चाळीस ते साठ सेकंद. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, सगळं चोळा. पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच हवं, कारण जुलाब करणाऱ्या एका जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो, म्हणून खाटेचा कठडा आणि स्वतःचा मोबाइल यांना हात लागला की पुन्हा हात स्वच्छ करा. आपल्याकडे जनरल वॉर्डात शेजारच्या आजोबांना कोणीही पाणी पाजतं. जरूर पाजा, पण परत आपल्या खाटेशी येताना मधे हात धुवा. आणि सिस्टरना किंवा डॉक्टरांना “आधी हात सॅनिटाइझ कराल का?” असं नम्रपणे विचारायला अजिबात संकोचू नका.

सगळ्यात जास्त लक्ष नळ्यांकडे द्या. लघवीची नळी, मानेतली किंवा हातातली सलाईनची लाइन, घशातली व्हेंटिलेटरची नळी, या प्रत्येक वाटेने जंतू आत शिरतात. रोजच्या राउंडला एकच प्रश्न विचारा: “डॉक्टर, ही नळी अजून लागते का?” लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या खालच्या पातळीला हवी, पण जमिनीला टेकू देऊ नका. एक्स-रेला नेताना घाईत ती पेशंटच्या पोटावर ठेवली जाते आणि साठलेली लघवी उलटी आत जाऊ शकते. तेव्हा वॉर्डबॉयला थांबवा आणि पिशवी स्ट्रेचरच्या कडेला खाली लटकवायला सांगा. सुईची जागा लाल झाली, सुजली किंवा दुखू लागली तर लगेच सिस्टरना दाखवा.

ताप आला की “हाय अँटिबायोटिक द्या” असा आग्रह धरू नका. विचारायचं ते असं: “नवीन औषध सुरू करण्याआधी कल्चरला रक्त घेतलं का?” कल्चर म्हणजे रक्त-लघवीच्या नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी. नमुना आधी घेतला तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. मात्र पेशंट अत्यवस्थ असेल तर नमुन्यापायी औषधाला उशीर होता कामा नये. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांच्या नावांपुढे ‘एस’ म्हणजे जंतूवर चालेल आणि ‘आर’ म्हणजे चालणार नाही. रिपोर्ट आला की “यानुसार औषध बदलायचं का?” हे जरूर विचारा. भारी इंजेक्शन बंद करून साधं औषध दिलं तर नाराज होऊ नका, ते योग्य उपचाराचंच लक्षण आहे. लघवीत जंतू सापडले पण ताप, जळजळ काहीच नसेल, तर अनेकदा औषध लागतही नाही.

वेगळ्या खोलीत हलवलं तर अपमान मानू नका. गाऊन-ग्लोव्हज सांगतील तसे घाला. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवा.

घरी सोडताना कल्चर रिपोर्टची प्रत मागून फाइलला लावा. पुढच्या वेळी दाखल करताना तो सगळ्यात आधी दाखवा. गोळ्या डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस द्या. उरलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका. सेफिक्सिमसारखी बरीच अँटिबायोटिक्स 2014पासून एच-1 यादीत आहेत, म्हणजे केमिस्टने ती चिठ्ठीवरच द्यायची आणि नोंद ठेवायची. चिठ्ठीशिवाय मागूच नका. टाक्यांतून पू आला, थंडी वाजून ताप भरला, किंवा पेशंट बरळू लागला, तर फाइल घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठा.