रानमुलूख रचायचा कसा: आधी पाणी, मग झाडं, मग माणसं

गोष्टीसाठी, नाटकासाठी किंवा पोरांच्या खेळासाठी जंगलाचा एखादा काल्पनिक मुलूख रचायचा म्हटलं, की बहुतेक जण आधी राजा आणि किल्ला काढतात आणि उरलेल्या कागदाला हिरवा रंग फासतात. असा मुलूख दोन प्रकरणं तग धरतो. लोक खातात काय, लाकूड कोणाच्या हक्काचं, पावसाळ्यात पलीकडच्या गावी जायचं कसं, असा एखादा प्रश्न आला की गाडी फसते. विदर्भातल्या लिहिणाऱ्यानं तरी तिथं फसू नये. पूर्व विदर्भाला झाडीपट्टी म्हणतात, तिच्या नावातच झाडी आहे, आणि लागणारा बहुतेक माल शिवारात पडलेला आहे.

कागद साधाच घ्या. २० बाय २८ सेंटिमीटरचं पान आणि १ सेंटिमीटरला २ किलोमीटर हे माप धरलं, की ४० बाय ५६ किलोमीटरचा मुलूख मिळतो. पहिल्या खेपेला तेवढा भरपूर झाला. ओझं घेतलेला माणूस पायवाटेनं दिवसाला वीसेक किलोमीटर चालतो, म्हणजे कागदावर दहा बोटं नव्हे, दहा सेंटिमीटर. रस्ता नसलेल्या रानात याच्या निम्मं धरा.

आता पेन्सिलीनं फक्त उंचवटे आणि पाणी काढा. ओढे उंचावरून निघतात, एकमेकांना मिळतात आणि मोठे होत जातात. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, तसं. नवख्यांच्या नकाशात हमखास दिसणारी चूक म्हणजे एकच नदी मधेच फाटून दोन दिशांना जाते. सपाट मुखाजवळ नदीला फाटे फुटतात, डोंगराळ रानात नाही.

पाऊस सगळीकडे सारखा पाडू नका. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पडतो आणि गडचिरोलीत त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे एकीकडे काळ्या मातीत कापूस-ज्वारी आणि दुसरीकडे बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धान. तुमच्या कागदाच्या दोन टोकांत एवढा फरक ठेवला, की दोन्हीकडचं जेवण, घरं आणि भांडणं आपोआप वेगळी होतात.

पाऊस चार महिने आणि तहान बारा महिने, म्हणून तलाव लागतो. नुसता निळा गोळा काढून तलाव होत नाही. दोन टेकड्या जवळ येतात तिथं मातीची पाळ घाला. एका टोकाला, पाळीच्या माथ्यापेक्षा खाली, जादा पाणी निघून जायला सांडवा द्या. पाळीखालून पाट काढा आणि पाटाखाली बांध्या आखा. सांडवा विसरलात तर पहिल्याच मोठ्या झडीत पाणी पाळीवरून जाईल आणि पाळ फुटेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले जुने मामा तलाव याच रीतीचे आहेत आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचं नाव घेतलं जातं. (इथला ‘मामा’ नात्यातला नव्हे, तो माजी मालगुजारीचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या काळचा.) तलाव साखळीनं ठेवा, वरच्याच्या सांडव्यानं खालचा भरेल असे. मग वरच्या गावानं सांडव्यावर चार टोपली माती टाकून तो हातभर उंच केला, एवढ्यावरच अख्खं कथानक उभं राहतं. त्याला तलवारी लागत नाहीत.

झाडं लावताना ‘घनदाट’ हा शब्द विसरा. नदीकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर. बऱ्या मातीत साग आणि ऐन. दगडाळ उतारावर सालई, धावडा. मोकळ्या पडीक जागी पळस. गावाला लागून मोह, आंबा, चिंच, कारण ही झाडं कोणी तोडत नाही. मधूनमधून बांबूची रांजी, म्हणजे बेटं. ऐन ओळखायचा सालीवरून, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल असते. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो; भोंदू वैद्याच्या पात्राला एवढं पुरे.

ऋतूंचं भान सुटलं की प्रसंग खोटा पडतो. मे महिन्यात सागाचं रान उघडं असतं, लांबवर दिसतं आणि पायाखालचा पाचोळा कुरकुरतो. तिथं कोणी दबा धरून बसू शकत नाही. तोच प्रसंग ऑगस्टमध्ये घाला, दहा पावलांवरचं दिसणार नाही; पण तेव्हा नाले भरलेले असतात आणि बैलबंडी चिखलात रुतते.

म्हणून नकाशाच्या मागच्या बाजूला बारा महिन्यांचं पंचांग लिहा. खरं काम इथं आहे, नकाशापेक्षा जास्त वेळ याला द्या. नमुना विदर्भाचाच घ्या. फागुनात पळस फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, त्याच्या आगेमागे चार म्हणजे चारोळीची फळं आणि टेंभरं म्हणजे तेंदूची फळं पिकतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. मिरगानंतर पेरणी, मग पऱ्हं म्हणजे धानाची रोपं उपटून रोवणा, म्हणजे लावणी. पावसात बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, आणि वारुळांवर सात्या, म्हणजे रानअळंबी. दिवाळीच्या सुमारास धान कापणी. बांधीतच टाकलेली लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, हिवाळ्यात हाती येते. झाडीपट्टीतली नाटकंही दिवाळीनंतरच रंगतात, कारण तेव्हा धान घरात आलेलं असतं आणि माणूस मोकळा असतो. तुमच्या मुलखातला मोठा उत्सवही याच हिशोबानं ठेवा. ऐन रोवण्यात सात दिवसांची जत्रा भरवलीत तर खेड्यातला वाचक हसेल.

पंचांगातलं एक तरी काम अगदी जवळून दाखवा. मोहाचं घ्या. फूल रात्री उमलतं आणि पहाटेपासून टपटप गळतं, म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वल आधी पोचतात. मोहाच्या दिवसांत अस्वलाची गाठ पडते ती अशीच. फुलं पिवळसर पांढरी, मांसल, बोटाला चिकटणारी. अंगणात पसरून वाळवली की लालसर तपकिरी होतात आणि वजन बरंच उतरतं. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून काही जण झाडाखालचा पाला जाळतात. ती आग नीट विझवली नाही की रानात शिरते. वणवा कोण्या राक्षसानं नाही, घाईत असलेल्या माणसानं लावला, असं दाखवलंत तर गोष्ट जास्त खरी वाटते.

मग पोटाचा हिशोब. ६० घरांचं, ३०० माणसांचं गाव धरा. लहानमोठे मिळून माणशी वर्षाला १५० किलो तांदूळ, म्हणजे ४५० क्विंटल. धानाचा तांदूळ साधारण दोन तृतीयांश निघतो, तेव्हा धान लागलं ६८० क्विंटलच्या आसपास. रासायनिक खताशिवाय एकरी चार क्विंटल धरले तर १७० एकर बांध्या हव्यात. रानातून पाव भाग पोट भरत असेल तर १३० एकर. बियाणं आणि कर वेगळे. सरपण एका घराला तीन दिवसांनी एक मोळी, २०-२५ किलोची. म्हणजे गावातून रोज २० मोळ्या. याचा अर्थ गावकुसाबाहेर लगेच गच्च रान सुरू होत नाही. आधी खुरटलेली झुडपं, मग विरळ झाडी आणि सकाळची पायपीट संपते तिथं खरं जंगल. मीठ आणि लोखंड रानात सगळीकडे नसतं, तेव्हा आठवडी बाजार ठेवा आणि तिथं काय देऊन काय घेतात ते लिहा.

आता माणसं. इथं सर्वांत जास्त घोळ होतो. गोंड, माडिया, कोरकू, कोलाम ही नावं आणि त्यांची दैवतं उचलून काल्पनिक जमातीला चिकटवू नका. ते आपले शेजारी आहेत, पऱ्या-यक्ष नाहीत. त्यांच्याकडून शिकायची ती रचना. विदर्भाच्या रानात गोंडी आणि कोलामी या द्राविडी भाषा, कोरकू मुंडा कुळातली, मराठी आर्य कुळातली, आणि जळगाव जामोदकडची निहाली तर कोणत्याच कुळात बसत नाही. एवढ्याशा टापूत एवढं, मग तुमच्या अख्ख्या मुलखात एकच ‘वनभाषा’ कशी? प्रत्येक लोकांना दोन नावं द्या, एक स्वतःचं आणि एक शेजाऱ्यांनी पाडलेलं. गोंड स्वतःला कोयतूर म्हणवतात. कोरकू या नावाचा अर्थच ‘माणसं’.

समजा, आपल्या मुलखात तीन लोक आहेत: तलाव राखणारे पाळवे, डोंगरावरचे घाटवे आणि माणसांत न मोडणारे ऐनवे. ‘पाळवे शांत, घाटवे शूर’ असं लिहून थांबलात तर सोंगं तयार होतील, माणसं नाही. त्याऐवजी प्रत्येकासाठी चार ओळी लिहा: काय पिकवतात, काय विकत घेतात, लग्न कोणात करत नाहीत, मेलेल्याला कुठं ठेवतात. गोंडांत देवांच्या संख्येवरून गट असतात आणि एका गटात आपसात सोयरीक होत नाही. असा एक नियम तुमचा तुम्ही घडवा. दोन तरुण पात्रं अडचणीत टाकायला तो पुरेसा आहे.

गावांची नावं जिभेवर रुळणारी हवीत. झाड, पाणी किंवा माती घ्या आणि झरी, टोला, बोडी, डोह, ढाणा यांपैकी काही जोडा. एकाच लोकांच्या गावांना एकच शेपूट ठेवा, म्हणजे नाव वाचूनच वस्ती कोणाची ते कळेल. एकदोन रिठी गावंही टाका, दप्तरी नाव असलेली पण ओस पडलेली. का ओस पडली ते लगेच सांगू नका.

हक्काचं कोडं सोडवल्याशिवाय पुढं जाऊ नका. झाड एकाचं, मोह दुसऱ्याचा, चराई तिसऱ्याची असं चालतं. निस्तार, म्हणजे रानातून गरजेपुरतं घ्यायचा गावाचा रूढ हक्क, हा शब्द विदर्भात त्यासाठीच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आणि तिथले निर्णय सर्वसहमतीनं होतात. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत सभा उठत नाही, हा नियम गोष्टीत घालून बघा, राजाच्या दरबारापेक्षा जास्त ताण येतो.

अद्भुत गोष्ट शेवटी घाला, आणि एकच. ऐनाच्या खोडात पाणी साठतं, हे खरं आहे. ऐनवे त्या पाण्यावर जगतात, हे आपलं. मग उन्हाळ्यात तहानलेल्या वाटसरूनं खोडाला कुऱ्हाड लावली, की तो कोणाच्या तरी रांजणाला भोक पाडतो. नियम खऱ्या झाडातून उगवला की पटवून द्यायला लागत नाही. दुसरा चमत्कार लागलाच तर बांबूकडे बघा. चाळीसेक वर्षांनी अख्खं बन एकदम फुलतं आणि मरतं, बियांवर उंदीर माजतात, ते मग कोठारात शिरतात, आणि पुढची काही वर्षं टोपल्या विणणाऱ्याच्या हाताला काम नसतं. यात जादूचा एक कण नाही.

सगळं झाल्यावर एक तारीख निवडा, समजा १० एप्रिल. घाटव्यांची एक म्हातारी पहाटे चारला उठली. ती काय पेटवते, पाणी कुठून आणते, कोणाच्या मोहाखाली जाते, वाटेत कोणाला हाक मारते आणि कोणत्या भाषेत, दुपारी काय खाते, हे वीस ओळींत लिहा. जिथं पेन अडेल तिथं नकाशावर लाल ठिपका द्या. पाचापेक्षा जास्त ठिपके पडले तर गोष्ट सुरू करू नका, पुन्हा पंचांगाकडे जा.