लघवीची तीन दिवसांची नोंद कशी ठेवावी

प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी गेलेल्या साठीपुढच्या पुरुषाला ‘रात्री किती वेळा उठता?’ असे विचारले की ‘दोन-तीनदा’ हे उत्तर ठरलेले असते, आणि त्यावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. किती वेळा याच्या जोडीला प्रत्येक वेळी किती, हेही कळावे लागते. लघवी तुंबली, लाल आली किंवा थंडी वाजून ताप भरला, तर मात्र नोंदीच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खुणा असलेला 500 मिलिलिटरचा प्लॅस्टिकचा मग आणि एक वही पुरते. वहीत वेळ, प्यायलेले पाणी-चहा, लघवीचे माप आणि शेरा असे रकाने आखावेत. शेऱ्यात घाई झाली, जोर करावा लागला, कपडे ओले झाले, एवढेच लिहावे. ‘नोंद ठेवायची आहे तर भरपूर पाणी प्या’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये, कारण डॉक्टरांना तुमचा नेहमीचा दिवस पाहायचा असतो.

दिवसाचे माप कोणालाही जमते. गफलत होते ती रात्री. पहिल्या खेपेस मी ‘सकाळी लिहू’ म्हणून परत अंथरुणावर पडलो, सकाळी एकही आकडा आठवेना, आणि सगळीकडे 150 लिहून मोकळा झालो. त्याहून मोठी चूक म्हणजे सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मी दिवसाच्या खात्यात मांडली. ती रात्रभर साठलेली असते, म्हणून माप रात्रीचे धरायचे, पण रात्री किती वेळा उठलो यात ती मोजायची नाही. झोपण्यापूर्वीची शेवटची लघवी दिवसाची. दुसऱ्या खेपेस हिशेब नीट केला, तेव्हा 24 तासांच्या 1800 मिलिलिटरपैकी 800 रात्रीचे निघाले, म्हणजे 44 टक्के. पासष्टीपुढे हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त असले, तर रात्री लघवीच अधिक तयार होते असे मानतात, आणि मग सगळा दोष प्रोस्टेटच्या माथी मारण्यात अर्थ नसतो: दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतणे, झोपेत श्वास अडखळणे, संध्याकाळनंतरचे पाणी-चहा, अशी कारणे आधी पाहावी लागतात. उलट दिवसाही प्रत्येक वेळी जेमतेम शंभरच येत असेल, तर मूत्राशय पूर्ण रिकामे होते की नाही, हे सोनोग्राफीत बघतात.

रात्रीचा आकडा तिथल्या तिथे लिहिता यावा म्हणून पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधून संडासातच टांगावी, मिणमिणता दिवा चालू ठेवावा, आणि पलंगाच्या कडेला मिनिटभर बसल्याशिवाय उठू नये; प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हे औषध घेणाऱ्यांना उभे राहताच घेरी येऊ शकते.

शेवटच्या पानावर चालू असलेली सर्व औषधे लिहावीत, सर्दीची गोळीसुद्धा, कारण तिच्यामुळे लघवी अडू शकते. त्याच पानावर, सोबत आलेल्या मुलासमोर तोंडातून निघत नाही तेही लिहावे: ताठरता कमी झाली आहे का, औषध सुरू झाल्यापासून वीर्य येईनासे झाले आहे का. टॅमसुलोसिनने तसे होते आणि त्यावर उपाय विचारता येतो. पण छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असताना ताठरतेची गोळी दुकानातून परस्पर आणणे जिवावर बेतू शकते. हे पान मी वहीतून फाडून, घडी घालून, आत शिरताच डॉक्टरांच्या हातात देतो.