एका हँडसेटवरून अख्ख्या कंपनीला नाव: मोबाइल दुकानदारांनी काउंटरवर काय करावं

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "त्या कंपनीचा नको बघा, लई हँग होतोय" आणि "आमच्या घरात सगळ्यांचा ह्याच कंपनीचा हाय." दोन्हींच्या मागे बहुतेक वेळा कंपनी नसते, एखादा ठरावीक हँडसेट असतो. आठ हजारांच्या फोनला वैतागून ज्याने कंपनी सोडली, त्याने तिचाच पंचवीस हजारांचा फोन कधी हातात धरलेला नसतो. त्यामुळे कंपनीची बाजू मांडत बसू नका. त्या किमतीत काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते बिल करण्याआधी दाखवा.

सुरुवात जुन्या फोनपासून करा. तो मागून घ्या आणि सेटिंग्जमध्ये तीन गोष्टी बघा: रॅम किती, स्टोरेजमध्ये मोकळी जागा किती आणि 'अबाउट फोन'मध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख कोणती. ६४ जीबीच्या फोनमध्ये १५ ते २० जीबी सिस्टीमच खाते, उरलेली जागा व्हॉट्सॲपचे व्हिडिओ भरतात. मोकळी जागा दहा टक्क्यांखाली गेली की नवीन माहिती लिहायला रिकामे ब्लॉक सहज मिळत नाहीत आणि फोन अडखळू लागतो. गिऱ्हाईक ह्यालाच 'कंपनी खराब' म्हणतं.

दुसरं कारण स्टोरेजच्या जातीत असतं, आणि ते खोक्यावर क्वचितच ठळक लिहिलेलं असतं. स्वस्त हँडसेटमध्ये ईएमएमसी ५.१ असतं, त्याच्या वरच्या गटात यूएफएस २.२ किंवा ३.१. ईएमएमसी एका वेळी वाचू तरी शकतं किंवा लिहू तरी शकतं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. हे तोंडाने सांगून पटत नाही. दोन्ही जातीचे डेमो फोन शेजारी ठेवा, दोन्हींवर प्ले स्टोअरमधून एकाच मोठ्या ॲपचं अपडेट लावा आणि ते चालू असतानाच कॅमेरा उघडा. फरक काका-मामांना डोळ्यांनी दिसतो. एवढं बघूनही स्वस्तातला घेतला, तर फोन हळू चालल्यावर फसवल्याची भावना राहत नाही, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी दोन हजार जास्त घालून वरचा घेतं.

मग फोन कुठे वापरणार ते विचारा. आपल्या भागात हा प्रश्न रॅमइतकाच महत्त्वाचा आहे. जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलपट्टीत लांब पोचणारे कमी फ्रिक्वेन्सीचे बँड (टॉवरचा सिग्नल ज्यावरून येतो ते पट्टे) लागतात: ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५, ९०० चा बँड ८, ७०० चा बँड २८. बीएसएनएलचं फोर-जी सिम असेल तर बँड २८ आहे का, हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघितल्याशिवाय फोन देऊ नका. रेंज अशक्त असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो आणि बॅटरी दुपारीच उतरते. तोच फोन बेळगाव शहरात रात्रीपर्यंत टिकतो. हे आधी सांगितलं नाही, तर दोष बॅटरीला आणि बॅटरीवरून कंपनीला लागतो.

चिकोडी-अथणीकडचा ऊसवाला फोन दिवसभर उन्हात वापरणार. त्याला डिस्प्ले दुकानाबाहेर, उन्हात नेऊन दाखवा; ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन उजळ दिसतात. खानापूरच्या पावसात राहणाऱ्याला आयपी रेटिंग समजावून सांगा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४ म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं संरक्षण, बुडवण्यासाठी नव्हे. आयपी६८ ची चाचणीही गोड्या, स्वच्छ पाण्यात होते, आणि पाणी गेल्याचा बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

चार्जिंगबद्दल एकच वाक्य पुरे: ६७ वॅटचा वेग त्याच कंपनीच्या चार्जरवर आणि केबलवर मिळतो. घरातल्या जुन्या १० वॅटच्या चार्जरवर ५००० एमएएचची बॅटरी भरायला अडीच-तीन तास लागतात. खोक्यात चार्जर नसेल तर ते बिलाआधी बोला.

अपडेटचा कालावधी मॉडेलनुसार बदलतो, कंपनीच्या नावावरून ठरत नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचं आश्वासन दिलं. तिच्याच स्वस्त मॉडेलांना ते तितकं नाही. ज्याला फोन पाच वर्षं वापरायचा आहे, त्याच्यापुढे त्या मॉडेलचा कालावधी कंपनीच्या संकेतस्थळावर उघडून ठेवा.

सर्व्हिस सेंटरचं अंतरही मोजा. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. भारतात विकलेल्या हँडसेटची वॉरंटी सहसा देशभर चालते, तेव्हा गिऱ्हाइकाला जवळचं सेंटर सांगा, मग ते राज्याच्या हद्दीच्या कुठल्याही बाजूला असो. बिलावर दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, घाला. *#०६# दाबून ते खोक्याशी जुळवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या फोनची बेळगावातही.

कंपनीचं नाव सगळ्यात जास्त खराब होतं ते दुरुस्तीच्या टेबलावर. ओएलईडी डिस्प्ले फुटला की स्वस्त एलसीडीचा कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) बसवला जातो. त्याच्या मागे बॅकलाइट असल्याने डिस्प्लेखालचं ऑप्टिकल फिंगरप्रिंट चालत नाही, रंग फिके पडतात. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाला कॉम्बो आठवत नाही, कंपनी आठवते. कॉम्बो ओरिजिनल, ओएलईडी कॉपी की एलसीडी, हे दुरुस्तीच्या बिलावर लिहून द्या. कंपनीच्या विक्री स्कीमचा माल खपवायला नको तो फोन गळ्यात घालण्याचं नुकसानही असंच उशिरा कळतं.

आणि "आम्हाला हीच कंपनी पाहिजे" ह्यामागे पुष्कळदा नुसती भीती असते, फोटो आणि चॅट जाण्याची. म्हणून कंपनी बदलणाऱ्याचा डेटा दुकानातच हलवून द्या. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच वापरावं लागतं. सेटअप आधीच उरकून टाकला असेल, तर आयफोन पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकाच वायफायवर ठेवा. शेवटी कीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही घाला आणि एक मेसेज त्यांच्याच हाताने टाइप करून घ्या.