पोरानं शाळा सोडली असेल तं सरकारी ट्रेनिंगसाठी आधी टीसी काढा

माझ्या बहिणीचा पोरगा दहावीत गणित-इंग्रजीत राहिला आणि मग शाळेचं नावच काढलं नाही, दोन वर्षं वाडीला गॅरेजवर टायर खोलत होता. त्याच्यासाठी फिरताना जे कळलं ते लिहितो, कारण नागपुरात असे पोट्टे घरोघरी आहेत आणि आईबापाला वाटतं दहावी नाही म्हणजे सरकारचं काही मिळतच नाही. मिळतं.

कोर्स नंतर शोधा, पहिले टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ताईनं पेटी उघडली तं राशनकार्ड निघालं, लाईट बिलं निघाली, लसीकरणाचं कार्डही निघालं, टीसी काही नाही, ती शाळेतच पडून होती. आणल्यावर बघतो तं आडनावात एक अक्षर आधारपेक्षा वेगळं आणि जन्मतारीख दोन दिवसांनी मागं. दुरुस्तीत महिना गेला आणि त्या महिन्यात फॉर्मची तारीख निघून गेली, अजून जीवाला लागते ती गोष्ट. म्हणून टीसी, आधार, पासबुक शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचा, आणि खातं आधारशी लिंक आहे का बँकेत जाऊन विचारा.

दहावी नापास असेल तं आयटीआय. दीक्षाभूमीकडे श्रद्धानंदपेठेत सरकारी आयटीआय आहे, फॉर्म दहावीच्या निकालानंतर ऑनलाईन निघतात. पोरं मित्राचं बघून इलेक्ट्रिशियन, फिटर भरतात, त्याला दहावी पास लागते, मग नंबर लागत नाही आणि पोरगा पुन्हा घरी. नापासाला वेल्डर, वायरमन, कारपेंटर असे ट्रेड आहेत, वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा. माझ्या मते हातात कला लवकर यायला वेल्डर बरा.

त्याच्याही आधी शाळा सुटली असेल तं जन शिक्षण संस्थान बघा, वय 15 ते 45, अगदी अक्षरओळख नसलेल्यालाही घेतात, शिवणकामासारखे छोटे कोर्स असतात, बायका आणि एससी-एसटीच्या मुलांना फी माफ. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतही ट्रेनिंग फुकटच आहे, त्यामुळे कोणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले की उठून या. आमच्याकडून एकानं 1,500 रुपये घेतले आणि नंतर फोन उचलला नाही.

घरात कमाईची घाई असेल तं अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करता करता शिकायचं. हे फार कमी लोकांना माहीत आहे की पाचवी ते नववी शिकलेल्यालाही अप्रेंटिस घेता येतं आणि 2019 च्या नियमांत त्याला महिन्याला किमान 5,000 रुपये स्टायपेंड ठरवला होता. वय 14 पूर्ण लागतं, धोक्याच्या कामाला 18. बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर हेच विचारा, नुसतं 'काम आहे का' विचारलं तं ठेकेदाराकडे पाठवतात आणि तिथं शिकवत कोणी नाही.

2024 ला आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, तिच्यासाठी लोकं उगाच धावतात, तिथं कमीत कमी बारावी लागते. पण आयटीआय झालेल्याला त्यात महिना 8,000 ठेवले होते, म्हणजे दहावी नापास पोरगाही वेल्डर करून तिथं पोचू शकतो. वय मात्र 18 ते 35.

सोबत, पोरगा दहावीच्या परीक्षेला बसलाच नसेल तं सतरा नंबर फॉर्म भराच. पाचवी पास आणि वय 14 पूर्ण असलं की बाहेरून दहावीला बसता येतं, पण त्यालाही टीसी लागतेच. आमचा पोरगा आता दिवसा वेल्डिंग शिकतो आणि रात्री मामीजवळ बसून गणित सोडवतो.

सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा कौशल्य विकास ऑफिसला जाल तेव्हा पोराला सोबत न्या, त्यालाच बोलू द्या. तुम्ही फक्त दोन गोष्टी विचारा, सर्टिफिकेट कोणाचं मिळतं आणि मागच्या बॅचची पोरं आता कुठं कामाला आहेत.